अनुभव धागा: मुंबईत दुपारच्या जेवणाला ‘गोर्मे’ सँडविच. काय बघावं, काय मागावं, काय बिघडतं

फोर्ट, काळा घोडा, लोअर परळ, बीकेसी, वांद्रे. या सगळ्या पट्ट्यात निव्वळ सँडविचसाठी उघडलेली दुकानं आता बरीच दिसतात. पाव सावरडो, फोकाच्या (तेल घातलेला चपटा इटालियन पाव) नाहीतर चबाटा. आत बुराटा चीज, पेस्टो (बेसिलची चटणी), भाजलेली भोपळी मिरची, नाहीतर बफ पास्त्रामी (मुरवून धुरावलेलं म्हशीचं मांस). एका सँडविचला साधारण ४०० ते ७०० रुपये आणि ते आणून खायला हातात जेमतेम पाऊण तास. एवढे पैसे मोजून ओला लगदा खायला लागू नये म्हणून हा धागा.

पाव भाजणारे, काउंटरमागे उभे राहणारे, रोज दुपारी बाहेर खाणारे, सगळ्यांनी लिहा. नेमकं लिहा: मापं, वेळ, थर, कारणं. बिघाड सांगताना दुकानाचं नाव नको. नुसता बिघाड कळला तरी पुढच्या माणसाला उपयोग होतो.

विरजण

सुरुवात पावापासून करते, कारण निम्मं सँडविच तिथेच ठरतं.

सावरडो म्हणजे तयार यीस्ट न घालता, पीठ-पाण्याच्या आंबवलेल्या विरजणावर फुगवलेला पाव. लोक मोठमोठी भोकं असलेला पाव बघून खूश होतात. सँडविचसाठी मात्र तो चुकीचा. भोकांतून सॉस गळतो, चीज वितळून थेट तव्यावर उतरतं आणि जळतं. मध्यम, एकसारखी जाळी असलेला पाव मागा. साच्यात भाजलेला सावरडो मिळत असेल तर तोच घ्या. त्याची कड मऊ असते. गोल, कडक कवचाचा पाव चावताना दात कवचावर अडतात, जोर द्यावा लागतो आणि आतलं सगळं मागच्या बाजूने बाहेर येतं. टाळूही सोलवटते.

काप १२ ते १५ मिलिमीटर जाडीचा असावा. १० च्या खाली गेला तर ओलं सारण पेलत नाही. १८ च्या वर गेला तर ग्रिलमध्ये बाहेरून करपतो आणि आतलं चीज थंड राहतं.

मुंबईत दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, उकाडा. २५ अंशांना पाच-सहा तास लागतील ते पीठ ३१-३२ अंशांच्या स्वयंपाकघरात तीन-चार तासांत तयार होतं. लक्ष नसेल तर जास्त आंबतं, आतली जाळी कोसळते आणि पाव बसका, चिकट, नको इतका आंबट होतो. जाणकार बेकर बर्फाचं पाणी वापरतात, विरजण कमी घालतात आणि घडवलेले गोळे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात. आपल्या मैद्यात प्रथिनं साधारण १० ते ११ टक्के, म्हणून पाणीही बेताचं: १ किलो पिठाला ६८० ते ७२० मिली, मीठ २० ग्रॅम. परदेशी कृती बघून ८०० मिली ओतलं की पीठ पसरतं.

दुसरी गोष्ट घाई. पाव भट्टीतून काढल्यावर किमान दोन तास निवायला हवा. ११ वाजता आलेला पाव ११:३० ला कापला की सुरीला गोंदासारखा लगदा चिकटतो. काप बोटाने दाबून बघा. दबून परत वर आला तर ठीक, खळगा तसाच राहिला तर तो पाव एक तर कच्चा, नाहीतर गरम कापलेला.

आणि पाव फ्रिजमध्ये ठेवणारं दुकान असेल तर ग्रिल न केलेलं सँडविच तिथे घेऊ नका. ० ते ५ अंशांत पावातला स्टार्च सर्वांत लवकर घट्ट होतो, म्हणजे पाव शिळा होतो. ठेवायचाच तर बाहेर ठेवावा, नाहीतर काप करून थेट फ्रीझरमध्ये.

थरावर_थर

विरजण यांच्या पुढचं लिहितो. पाव कितीही चांगला असला तरी आतलं पाणी आवरलं नाही तर फुकट. टोमॅटो आणि काकडी जवळजवळ ९५ टक्के पाणी. मीठ लागलं की ते बाहेर यायला लागतं. सँडविच बांधणं म्हणजे हे पाणी पावापासून दूर ठेवणं. तुमच्यासमोर सँडविच बनत असेल तर हात बघा, चवीआधीच अंदाज येतो.

१. दोन्ही कापांना कडेपर्यंत लोणी, मेयो किंवा तेलकट सॉस. मधोमध एक फटकारा मारून सोडला तर कडा आधी ओल्या होतात. स्निग्ध थरातून पाणी पटकन पावात उतरत नाही, एवढ्यासाठीच तो असतो. चव हा पुढचा फायदा.

२. त्यावर चीज किंवा मांसाचा काप. हा दुसरा बांध.

३. पालेभाजी (लेट्यूस, रॉकेट) धुऊन पूर्ण कोरडी केलेली. पानावरचं पाणी हा सर्वांत दुर्लक्षित बिघाड आहे. सकाळी पानं धुऊन चाळणीत ठेवली आणि दुपारी तशीच उचलून घातली की खालचा पाव गेलाच.

४. टोमॅटो मधोमध, पावाला कुठेही न टेकता. ५-६ मिलिमीटरचे काप, चिमूटभर मीठ लावून १० मिनिटं चाळणीवर, मग कागदाने टिपून. एवढं करणारी दुकानं फार थोडी. जिथे करतात तिथे डोळे मिटून टोमॅटोचं सँडविच घ्यावं.

५. दोन निसरड्या गोष्टी एकावर एक नकोत. टोमॅटोवर अवोकाडो किंवा काकडीवर काकडी ठेवली की पहिल्याच घासाला सगळं सरकतं. मध्ये कांदा, पानं किंवा किसलेलं काही हवं, पकड येण्यासाठी.

मशरूम, वांगं, झुकिनी या भाज्या आधी मोठ्या आचेवर भाजून पाणी घालवलेल्या असाव्यात. मशरूमचं वजन निम्म्यावर यायला हवं. कच्चं मशरूम घालून सँडविच ग्रिल केलं तर ग्रिलच्या तीन-चार मिनिटांत ते पाणी सोडायला सुरुवात करतं, आणि ते सगळं पावात मुरतं.

आता बुराटा. बाहेरून मोझरेलाची पिशवी, आत मलईत भिजलेले चीजचे तंतू. इटलीतल्या पुलिया भागातलं, आंद्रियाचं हे चीज आता भारतातही बनतं. सँडविचमध्ये ते अख्खं ठेवणं मला पटत नाही. चावलं की फुटतं आणि मलई मनगटापर्यंत येते. फोडून, मलई निथळून, तंतू पसरून घालावं. आणि ग्रिल करू नये. बुराटा थंडच चांगला, खाली भाजलेला फोकाच्या. मेनूत ‘ग्रिल्ड बुराटा’ दिसला तर ग्रिलवर फक्त पाव भाजून द्या असं सांगा.

कापताना दातेरी सुरी करवतीसारखी पुढे-मागे चालवायची, दाबायची नाही. दाबून कापलेलं सँडविच लगेच कळतं: कड चपटी, सारण बाहेर.

शेगडी

फुटपाथवरच्या सँडविचवाल्याकडून या दुकानांनी शिकण्यासारखं खूप आहे, म्हणून लिहितो. साध्या पांढऱ्या ब्रेडला कडेपर्यंत लोणी, मग हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा, प्रत्येक थरावर मसाला. बटाट्याचं काम पोट भरण्यापुरतं नाही. तो खाली अंथरला की वरच्या भाज्यांचं पाणी शोषतो. बीट बटाट्याला टेकवून ठेवतात, त्याचा रंग मग ब्रेडला लागत नाही.

चटणीतही तेच. कोथिंबीर, पुदिना, मिरची, लिंबू, मीठ हे नुसतं वाटलं तर पाणी सुटतं. म्हणून वाटीभर कोथिंबिरीला एक मोठा चमचा डाळवं किंवा ब्रेडचा तुकडा घालतात, घट्ट बसते. वाटताना बर्फाचे दोन खडे टाकले तर रंग टिकतो.

पेस्टोचंही असंच आहे. तुळशीच्या इटालियन भावंडाची, म्हणजे बेसिलची पानं गरम मिक्सरमध्ये फिरली की काळवंडतात. उकळत्या पाण्यात १० सेकंद बुडवून लगेच बर्फात टाकलेल्या पानांचा पेस्टो दुपारी तीनपर्यंत हिरवा राहतो. तपकिरी पेस्टो दिसला तर तो सकाळचा किंवा कालचा समजा.

आणि कडक कवचाचा पाव मुंबईला नवा नाही. इराण्याकडचा ब्रुन आहेच की. ताज्या ब्रुनमध्ये लोणी आणि मसाला ऑम्लेट हे सँडविच कुठल्याही महागड्या मेनूत ताठ मानेने बसेल.

बोराबंदर_१३००

वेळेचं गणित. ज्यांना एक ते दोन हीच सुट्टी आहे त्यांच्यासाठी.

आत शिरल्यावर मेनूआधी ग्रिल मोजा. दुहेरी तव्याच्या एका यंत्रात एका वेळी साधारण चार सँडविचेस बसतात आणि एका घाण्याला ४-५ मिनिटं. एकच ग्रिल असेल आणि पुढे १२ गरम ऑर्डर असतील तर तीन घाणे म्हणजे १५ मिनिटं, शिवाय बांधणी आणि कापणं. २० धरा. डिलिव्हरीच्या ऑर्डर याच ग्रिलवर चालतात आणि त्या रांगेत दिसत नाहीत. काउंटरवर चिकटवलेल्या किंवा यंत्रातून निघणाऱ्या पावत्या बघा.

थंड सँडविच मात्र दोन-तीन मिनिटांत हातात येतं. गर्दीच्या वेळी तेच घ्यावं. १२:३० च्या आत किंवा २:१५ नंतर गेलात तर काहीही मागा.

घाईत ग्रिल लवकर उघडण्याचा मोह काउंटरवरच्या माणसाला होतो. मग वर पट्टे उमटलेले आणि आतलं चीज तसंच थंड. ‘चीज वितळू दे, थांबतो’ एवढं सुरुवातीलाच सांगितलं तर बहुतेक ठिकाणी ऐकतात.

काचेच्या थंड कपाटात आधीच बांधून ठेवलेलं सँडविच घेताना खालचा काप बघा. पारदर्शक कागदातून गडद ओले डाग दिसले तर सोडा. चिकन मेयो, अंडं, टूना हे ५ अंशांच्या खाली ठेवलेलं हवं. कपाटाचा आकडा दर्शनी भागात असतो, वाचा. ऑफिसात नेणार असाल तर एसीबाहेर, ३२ अंशांच्या वरच्या उन्हात असं सँडविच तासाभरापेक्षा जास्त ठेवायचं नाही. एरवीची मर्यादा दोन तास.

थरावर_थर

वरच्यात एक भर. मेनूत पाव निवडता येत असेल तर घाईच्या वेळी फोकाच्या किंवा चबाटा घ्या. दोन्हींत बहुतेकदा तेल असतं, थोडे थांबले तरी मऊ राहतात. (चबाटा जुना पारंपरिक वाटतो, पण तो १९८२ मध्ये इटलीत, आद्रिया गावात तयार झाला, फ्रेंच बगेटला (लांब, कडक कवचाचा पाव) सँडविचच्या बाजारात उत्तर म्हणून.) बगेट मात्र ताज्यापेक्षा ताजा हवा. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत त्याचं कवच दोन-तीन तासांत चामड्यासारखं होतं.

ठाणे_फोर्ट

ऑफिसात मागवणाऱ्यांसाठी.

गरम सँडविच बंद खोक्यात गेलं की स्वतःच्याच वाफेत शिजतं. २५ मिनिटांनी कुरकुरीत कवच उरत नाही. दुकानाला सूचना लिहा: सॉस वेगळा, फ्राइज वेगळ्या पुडक्यात, सँडविच बटर पेपरमध्ये, खोक्याला भोकं. फ्राइज त्याच खोक्यात असतील तर दोन्ही मऊ पडतात.

हातात आल्याबरोबर खोकं उघडा, दोन्ही अर्धे कापलेली बाजू वर करून दोन मिनिटं उभे ठेवा. वाफ जाऊ द्या. ऑफिसात नुसता मायक्रोवेव्ह असेल तर वापरू नका. पाव आधी ओला आणि निवला की चिवट होतो. एअर फ्रायर असेल तर १६० अंशांवर ३ मिनिटं. घरी असाल तर कोरडा तवा, मंद आच, झाकण न ठेवता प्रत्येक बाजू दोन मिनिटं. पानं आणि टोमॅटो आधी काढून घ्या, मग परत घाला.

डिलिव्हरीत चांगलं टिकणारं: फोकाच्यातलं पेस्टो-भाजलेल्या भाज्या, चिकन सॅलड, पनीर टिक्का. न टिकणारं: ग्रिल्ड चीज, तळलेलं चिकन, पोच्ड (कवचाशिवाय पाण्यात शिजवलेलं) अंडं.

हिरवाठिपका

शाकाहारी आणि जैन मंडळींसाठी, कारण या मेनूंत छुप्या जागा पुष्कळ.

ब्रिओश: मूळ पावात अंडं असतं. काही दुकानं अंड्याशिवाय बनवतात, म्हणून विचारा. मेयो: भारतात अंड्याशिवायचा सर्रास मिळतो, पण ‘घरचा मेयो’ किंवा आयोली (लसणाचा मेयो) लिहिलं असेल तर अंडं धरून चाला. आयोलीत लसूणही आलीच.

चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ. तो वासराच्या जठरातूनही काढतात. अस्सल पार्मिजानो-रेजानो वासराच्या रेनेटशिवाय बनतच नाही, तसा नियमच आहे त्यांचा. भारतात बनणारं बहुतेक चीज सूक्ष्मजीवांच्या रेनेटवरचं असतं. पेस्टोमध्ये कुठलं चीज आहे, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

सीझर ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही, म्हणजे छोटे मासे. किमची आणि थाई सॉसमध्येही फिश सॉस असू शकतो.

जैन ऑर्डर देताना नुसतं ‘कांदा-लसूण नको’ म्हणू नका. पेस्टो, हमस, टोमॅटोचा सॉस, मसाला बटर हे सगळं सकाळीच लसूण घालून तयार झालेलं असतं, ऐनवेळी काढता येत नाही. ‘लसूण नसलेला सॉस कुठला आहे?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. ग्रिलही विचारा. एकाच तव्यावर मांसाहारी सँडविचेस होत असतील तर बटर पेपर घालून भाजून द्यायला सांगता येतं.

नट्सची ॲलर्जी असेल तर पेस्टोत पाइन नट्सऐवजी काजू किंवा अक्रोड असण्याची शक्यता दाट.

राय_आणि_मोहरी

मांसाहारी बाजू थोडक्यात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूच्या मांसावरही बंदी आहे, म्हणून इथलं पास्त्रामी किंवा ‘टेंडरलॉइन’ म्हैसवर्गीय मांसाचं, म्हणजे बफ असतं. ते गोमांसापेक्षा कमी चरबीचं, म्हणून लवकर कोरडं पडतं. चांगलं पास्त्रामी मिठाच्या पाण्यात पाच-सात दिवस मुरवून, मिरी-धणे लावून, धुरावून, शेवटी वाफेवर मऊ करतात. कापताना धाग्यांना आडवं कापायचं. उभं कापलं तर घासाबरोबर अख्खा पट्टा ओढला जातो. वाफेवर गरम करून देतात का ते विचारा. थंड, पातळ काप सरळ ग्रिलमध्ये टाकले की चामडं होतं.

चिकनसाठी मांडी मागा. छातीचं चिकन सकाळी शिजवून दुपारी परत ग्रिल केलं की भुसा.

हिशेबनीस

बिलाबद्दल. सर्वसाधारण रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी. ५२० च्या सँडविचला २६ रुपये, एकूण ५४६. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं जुलै २०२२ ची आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. बिलात आपोआप लागला असेल तर काढायला सांगा. बिलावर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक असायला हवा.

पैसे वसूल झाले का याचा माझा ठोकताळा वजनाचा. ३०० ग्रॅमच्या सँडविचमध्ये पाव १०० ते १२० ग्रॅम असावा. निम्म्याहून जास्त पाव भरत असेल तर तुम्ही महागडा टोस्ट खाताय. कापलेल्या बाजूने बघा: सारणाची उंची दोन्ही कापांच्या बेरजेएवढी तरी हवी, आणि कडेपासून कडेपर्यंत. नुसतं मध्ये ढीग रचून फोटोसाठी उंच केलेलं सँडविच कोपऱ्यांत रिकामं असतं.

क्वीन्सहून

न्यूयॉर्क-लंडनला कामासाठी येणाऱ्यांसाठी दोन ओळी. लंडनमध्ये थंड सँडविच बाहेर नेलं तर व्हॅट शून्य. तेच तिथे बसून खाल्लं किंवा गरम करून घेतलं तर २० टक्के, म्हणून किमती दोन लिहिलेल्या दिसतात. न्यूयॉर्कमध्ये सँडविच थंड असो, गरम असो, विक्रीकर लागतोच. शहरात तो ८.८७५ टक्के. डेलीच्या (सँडविच, मांस, चीज विकणाऱ्या दुकानाच्या) काउंटरवर क्रम ठरलेला: पाव, मांस किंवा भाजी, चीज, वरचं, सॉस, मग इथे की बांधून. या क्रमाने बोललात तर अर्ध्या मिनिटात ऑर्डर होते. १८८८ पासूनच्या कॅट्झ या डेलीमध्ये दारातच तिकीट देतात, ते शेवटपर्यंत जपायचं. काही खाल्लं नसलं तरी बाहेर पडताना परत द्यावं लागतं. तिथलं पास्त्रामी सँडविच दोघांत एक घ्यावं.

नवीन_सदस्य

बान मी (व्हिएतनामी सँडविच) बद्दल कोणीच लिहिलं नाही. मुंबईत मिळतंय तिथे मागावं का?

विरजण

मागा, पण पावाची कड दाबून. व्हिएतनामी बगेटचं कवच पातळ असतं, दाबल्यावर चुरचुर फुटायला हवं. तसा पाव नसेल तर जाड फ्रेंच बगेटपेक्षा ताजा ब्रुनही त्या सँडविचला जवळचा. दुसरं म्हणजे लोणचं. २५० ग्रॅम गाजर-मुळ्याच्या काड्यांना अर्धा कप व्हिनेगर, अर्धा कप पाणी, दोन मोठे चमचे साखर, एक छोटा चमचा मीठ, किमान एक तास. भरताना मुठीत घट्ट पिळून घ्यायचं. न पिळता भरलेलं दिसलं तर काउंटरवरच सांगा, ‘पिळून द्या’.